नदीकाठच्या बंद कारखान्याची जमीन: लँडस्केपमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

थीसिसचे विषय ठरायच्या दिवसांत मला हमखास विचारणा होते. "ताई, नदीकाठचा बंद कारखाना घेतलाय, पार्क करायचंय, सुरुवात कुठून करू?" काही जण पुढच्या टप्प्यावर असतात. युरोपात लँडस्केपच्या, म्हणजे मोकळ्या जागा आणि बागा आखण्याच्या, मास्टर्सला प्रवेश झालेला असतो आणि पहिलाच स्टुडिओ (डिझाइनचा प्रकल्प) अशा जागेचा मिळालेला असतो. मी पुण्यात बी.आर्क. करून जर्मनीत आले आणि तेव्हापासून अशाच जमिनींवर काम करते आहे. प्लॅन, झोनिंग, लेव्हल्स हे सगळं तुम्हाला येतं असं धरून लिहिते. ज्या एका गोष्टीने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, तिच्यावर मात्र सविस्तर बोलणार आहे.

ती गोष्ट म्हणजे पाणी मुरवणं.

आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं की पाऊस जिथे पडतो तिथेच जिरवा. फरसबंदी झिरपणारी ठेवा, रेन गार्डन (पाऊसपाणी जिरवणारी खोलगट बाग) करा, स्वेल (उथळ हिरवा चर) काढा. धड जमिनीवर हे शंभर टक्के बरोबर आहे. पण नदीकाठचा जुना कारखाना धड जमिनीवर उभा नसतो, भरावावर असतो. मोठ्या शेडसाठी सपाट जागा लागायची, मालाच्या होड्यांसाठी सरळ धक्का लागायचा, म्हणून काठ भरून काढायचे. भरायला जवळ जे असेल ते: भट्टीतला स्लॅग (धातू वितळवून उरलेली मळी), राख, कोळशाचा चुरा, पाडलेल्या भिंती, डांबराचा गाळ. त्यावर पुढे कित्येक दशकं छपरं आणि काँक्रीट राहिलं. पाऊस आत शिरलाच नाही, त्यामुळे खालचा माल बराचसा जिथल्या तिथे पडून राहिला.

मग आपण येतो. काँक्रीट उखडतो, "जमीन मोकळी केली" म्हणून आनंदतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी रेन गार्डन आखतो. आता पहिल्यांदाच पाणी भरावातून खाली उतरायला लागतं. उतरताना जे विरघळेल ते सोबत घेतं: जस्त, कॅडमियम, सायनाइड, डांबरातली हलकी संयुगं. ते भूजलात जातं, आणि नदीकाठचं भूजल बहुतेक वेळा नदीकडेच वाहतं. म्हणजे नदी स्वच्छ राहावी म्हणून केलेली बाग नदीत विष सोडते. वर गवत छान हिरवं असतं, फोटो सुंदर येतात, आणि हे कोणाला दिसतही नाही.

मास्टर्समधला माझा एक अख्खा सेमिस्टर यात गेला. काठाला समांतर रेन गार्डनची माळ काढली होती. ज्युरीत भूजलाच्या एक अभ्यासक होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "हे पाणी खाली गेल्यावर कुठे जातं?" माझा सेक्शन (जागा उभी कापून दाखवणारं रेखाटन) जमिनीच्या रेषेपाशीच संपत होता. रेषेखाली मी तपकिरी रंग भरला होता, बस्स.

याचा दुसरा भाग आणखी फसवा आहे. नदीकाठची काँक्रीटची भिंत किंवा लोखंडी शीट पाइलिंग (जमिनीत ठोकलेल्या जाड पत्र्यांची भिंत) आपल्याला कुरूप वाटतं. ते काढून काठ उताराचा करू, पायऱ्या नदीत उतरवू, असा मोह होतो. ती भिंत बहुतेक वेळा भरावाला धरून असते. शिवाय नदीची पातळी बदलते तसं पाणी काठात आत-बाहेर करतं. पूर आला की नदीचं पाणी भरावात शिरतं आणि पूर ओसरला की तेच पाणी भराव धुऊन परत नदीत येतं. वरून पाऊस पूर्ण अडवलात तरी हे बाजूने चालूच राहतं. त्यामुळे भिंत काढायची असेल तर मागचा भराव आधी उचलावा लागतो, किंवा काठापासून आत नवा मातीचा अडसर घ्यावा लागतो. हा खर्च बागेच्या खर्चापेक्षा मोठा निघू शकतो. हे आधी कळलं तर डिझाइन बदलता येतं. टेंडरनंतर कळलं तर डिझाइन कापलं जातं आणि सगळ्यात आधी झाडं कापली जातात. मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे.

घाबरू नका. या प्रश्नाला उत्तरं आहेत, आणि त्यातलं एक उत्तर तुम्ही फोटोत शंभरदा पाहिलेलं आहे.

ड्युसबर्ग-नॉर्ड, जर्मनीतल्या रूर या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातलं पार्क. तिथला मायडेरिखचा लोखंडाचा कारखाना 1985 मध्ये बंद झाला, 1991 च्या स्पर्धेत पीटर लाट्झ यांचा आराखडा निवडला गेला, आणि साधारण 180 हेक्टरचं पार्क झालं. ब्लास्ट फर्नेसवर (लोखंड वितळवण्याच्या उंच भट्टीवर) चढणारी माणसं, बंकरांमधल्या बागा, पाण्याने भरलेल्या गॅसटाकीत डायव्हिंग करणारे लोक, हे सगळेच दाखवतात. मला तिथे सगळ्यात मोलाचा वाटतो तो कालवा. जुनी एमशर नदी त्या जागेतून सांडपाण्याचा उघडा नाला म्हणून वाहायची. तो उघडा असण्याला कारण होतं. खालून कोळसा काढल्यामुळे या भागातली जमीन खचत राहायची, पुरलेले पाइप फुटले असते, म्हणून सगळ्या एमशर खोऱ्याचं सांडपाणी वरूनच वाहून नेलं जायचं. लाट्झ यांच्या आराखड्यात सांडपाणी साडेतीन मीटर व्यासाच्या पाइपात खाली गेलं. पाइपावर चिकणमातीचा थर आला आणि त्या थरावर, जुन्याच नाल्याच्या रेषेत, स्वच्छ पाण्याचा कालवा आला. या कालव्यात छपरांवरचं पाऊसपाणी येतं. ते पन्हळींतून, जुन्या पाइपांतून, कारखान्याच्या थंड करायच्या हौदांतून फिरत येतं. जमिनीत मुरत येत नाही. पाणी वरच्या वर खेळवलं आहे आणि खालच्या घाणीशी त्याची गाठ पडू दिलेली नाही. तिथे गेलात तर भट्टीवर चढण्याआधी या कालव्याच्या कडेने चालत जा आणि प्रत्येक पन्हळ कुठून येते ते पाहा.

संपूर्ण एमशरला सांडपाण्यातून मोकळं करण्याचं काम 1992 च्या सुमारास सुरू झालं आणि 2021 च्या अखेरीस संपलं. तोवर खाणी बंद झाल्या होत्या, जमीन स्थिरावली होती, म्हणून 51 किलोमीटरची मोठी भूमिगत वाहिनी टाकता आली. तीस वर्षं. तुमच्या थीसिसच्या फेजिंगमध्ये (कामाच्या टप्प्यांत) "पहिलं वर्ष: शुद्धीकरण" असं लिहिलेलं असेल तर ते आजच खोडा.

दुसरं उत्तर लंडनचं. लोअर ली खोऱ्यातल्या ऑलिंपिक पार्कच्या जागेवर माती धुण्याची यंत्रं साइटवरच लावली होती. सुमारे 20 लाख टन माती साफ करून बहुतेक तिथेच परत वापरली. वर स्वच्छ मातीचा किमान 600 मिलिमीटरचा थर घातला, आणि त्याखाली भगव्या रंगाचं कापड अंथरलं. पुढे कधी कोणी खोदलं आणि भगवं दिसलं की थांबायचं. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिच्यात पन्नास वर्षांनी पाइप दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाचा विचार आहे. पण 600 मिलिमीटरमध्ये गवत आणि झुडपं जगतात, मोठं झाड जगत नाही. झाडांसाठी त्या जागी खोल स्वच्छ खड्डा किंवा उंच टेकाड द्यावं लागतं. म्हणजे वृक्षारोपणाचा प्लॅन आणि मातीच्या थरांचा प्लॅन एकत्रच काढावे लागतात. ऑफिसात हे दोन प्लॅन दोन वेगळी माणसं काढत असतील तर तुम्ही मधे बसा. नवख्या माणसाला इतकं उपयोगी काम दुसरं मिळणार नाही.

आता एक आकडेवारी, जिने माझी प्लॅन काढायची पद्धतच बदलली. जर्मनीच्या 1999 च्या माती-संरक्षण नियमावलीत (2023 मध्ये तिच्या जागी नवी आली) शिशाची तपासणी-पातळी वापरानुसार ठरायची, म्हणजे तिच्यावर गेलं की पुढची चौकशी करावी लागायची: मुलांच्या खेळाच्या जागेला किलोमागे 200 मिलिग्रॅम, निवासी भागाला 400, पार्कला 1000 आणि औद्योगिक जागेला 2000. माती तीच. तुम्ही झोपाळे वीस मीटर सरकवले की ती चालणारी माती पुढे तपासावी लागणारी ठरते. त्यामुळे झोनिंग करताना आधी दूषित जागांचा नकाशा खाली ठेवा. सगळ्यात स्वच्छ कोपरा मुलांना द्या. डांबराच्या टाक्या होत्या तिथे पार्किंग किंवा पक्क्या फरशीचा मंच येऊ द्या. "नदी दिसते म्हणून खेळाची जागा काठावर" हे वाक्य मी आता कोणाच्याही शीटवर चालवून घेत नाही.

हा नकाशा मिळवायचा कसा? जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, आणि त्या कारखान्यात काम केलेली म्हातारी माणसं. माती-अहवालात बोअर (माती तपासायला पाडलेली खोल भोकं) पंचवीस-तीस मीटरवर घेतलेले असतात आणि मधलं कोणालाच माहीत नसतं. मधलं त्या माणसांना माहीत असतं: कुठली टाकी गळायची, राख कुठे ओतायचे, कुठल्या शेडमागे गवतसुद्धा उगवायचं नाही. कारखाना गॅसचा किंवा कोकचा (कोळसा भाजून केलेल्या इंधनाचा) असेल तर गॅस शुद्ध करून उरलेला माल कुठे टाकायचे ते विचारा. सायनाइडमुळे तिथली माती निळसर दिसते. अशी माती दिसली तर हात लावू नका, फोटो घ्या आणि सांगा.

गुरू निवडायचा तर अशाच कामातला निवडा. नावाजलेल्या प्राध्यापकापेक्षा बोअर मारताना साइटवर उभा राहणारा भूवैज्ञानिक तुम्हाला जास्त शिकवेल, हे माझं ठाम मत आहे. प्राध्यापक वाईट असतात असं म्हणत नाही. त्यांना वेळ नसतो, आणि तुमची शीट देखणी असली की ते पुढे सरकतात. आणि "आमच्याकडे शिकायला मिळेल" म्हणत सहा-सहा महिने बिनपगारी राबवून घेणाऱ्या ऑफिसांत जाऊ नका. शिकवणारी माणसं पैसेही देतात.

शॉर्टकटबद्दलही बोलायलाच हवं. सूर्यफुलं लावून जमीन शुद्ध करण्याची स्लाइड जवळपास प्रत्येक थीसिसमध्ये असते. झाडं काही धातू मुळांवाटे शोषतात हे खरं. पण फक्त मुळं पोचतात तेवढ्याच खोलीतून, फार हळू, आणि मग ती झाडं कापून धोकादायक कचरा म्हणून न्यावी लागतात. चार मीटर भराव असलेल्या काठावर त्याने काय होणार? अमेरिकेत सिएटलच्या गॅस वर्क्स पार्कमध्ये, म्हणजे जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर, रिचर्ड हाग यांनी 1970 च्या दशकात मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून जिवाणूंकडून तेलकट घाण खाऊन घेतली. ते काम मोठं होतं, मी त्याचा आदर करते. तरीही तिथे नंतरची कित्येक वर्षं शुद्धीकरणाची कामं करावी लागली. वनस्पतींवर विश्वास ठेवा, पण त्यांच्या खांद्यावर अख्खा कारखाना टाकू नका.

आपल्या हवामानाला जवळचं उदाहरण हवं असेल तर चीनच्या ग्वांगडोंगमधल्या झोंगशानचं जहाजबांधणी पार्क पाहा. जागा 11 हेक्टर, 2001 मध्ये पूर्ण, डिझाइन कोंगजियान यू यांचं. तिथे पाण्याची पातळी दिवसभरात 1.1 मीटरपर्यंत वरखाली होते, म्हणून काठ पायऱ्यापायऱ्यांचा आहे आणि पूल वेगवेगळ्या उंचीवर आहेत. पुरासाठी नदी 20 मीटर रुंद करायची होती आणि काठावर वडाच्या जातीची जुनी झाडं उभी होती. त्यांनी झाडांच्या पलीकडून नवा प्रवाह खोदला आणि झाडांचं बेट केलं. काठ सरसकट कापण्याआधी असा प्रश्न विचारता येतो, एवढं जरी तुम्ही यातून घेतलंत तरी पुरे.

महाराष्ट्रात काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. आपल्याकडे निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढं तुम्हाला पाठ असतंच. पण पाटबंधारे खात्याच्या पातळ्या समुद्रसपाटीपासून असतात आणि सर्व्हेअरने साइटवरच्या ओट्याला 100.00 धरलेलं असतं. दोन्ही एका पायावर आणल्याशिवाय सेक्शन काढू नका. दुसरं म्हणजे रूरमध्ये पाऊस वर्षभर भुरभुरतो, आपल्याकडे चार महिन्यांत कोसळतो. भूजल मेमध्ये खोल आणि ऑगस्टमध्ये कधी कधी पायाशी. मेमध्ये कोरड्या दिसलेल्या भरावात ऑगस्टमध्ये पाणी उभं असतं. त्यामुळे वर सांगितलेली काठ धुतला जाण्याची क्रिया आपल्याकडे जास्त जोरात होते. बोअरमधली पाण्याची पातळी कुठल्या महिन्यातली आहे हे अहवालात आधी शोधा. ड्युसबर्गच्या पन्हळी उचलून उल्हास किंवा वालधुनी नदीच्या काठावर ठेवल्या तर पहिल्याच जुलैत त्या भरून वाहतील, त्यांचे आकार नव्याने काढावे लागतील.

जर्मनीत येणाऱ्यांना शेवटी एक सांगते. इंग्रजीतून मास्टर्स होतं, पण माती-अहवाल जर्मनमध्ये असतो, तोही दोनशे-तीनशे पानांचा. सुरुवातीला मी फक्त शेवटचा सारांश वाचायचे आणि बाकीचं सहकाऱ्यांना विचारायचे. मग रोज संध्याकाळी एक बोअर लॉग (एका बोअरमधल्या थरांची नोंद) घेऊन थरांची नावं वहीत लिहायला लागले: भराव, वाळू, गाळ, स्लॅग, विटांचे तुकडे. तेच तेच शब्द पुन्हा येतात, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा लवकर वाचता येतं. पोर्टफोलिओत एक पान तरी असं ठेवा ज्यात सेक्शन जमिनीखाली सहा-सात मीटर उतरतो, थर लिहिलेले आहेत, भूजलाच्या कमाल आणि किमान दोन्ही रेषा आहेत आणि पावसाचं पाणी कुठे अडतं, कुठे वळतं ते बाणांनी दाखवलं आहे. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांच्या फाइलीत असं पान निघालं की बोलणं तिथेच सुरू होतं आणि रेंडर (संगणकावर केलेली देखणी चित्रं) बघायचे राहून जातात.