घरून काम करताय? आधी शिफ्ट ठरवा, मग लॅपटॉप उघडा

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. २०१६ पासून चार वर्षं हिंजवडीला गेले आणि मार्च २०२० च्या लॉकडाऊनच्या आधी जी एक बॅग भरून कराडला आले ती इथलीच झाले, कंपनीनं नंतर पर्मनंट रिमोट दिलं आणि आम्ही पुण्यातली भाड्याची खोली सोडली. यंदा ओळखीतल्या तीन-चार पोरापोरींना पहिलीच नोकरी रिमोट लागलीय, आणि सगळे फोन करून एकच विचारतात, ताई, हे घर आणि काम कसं सांभाळायचं. प्रत्येकाला तेच सांगून झालं म्हणून आता एकदा नीट लिहून काढतेय.

खुर्ची चांगली घ्या, बेडवर बसून काम करू नका, अधूनमधून उठा, हे सगळं तुम्हाला माहिती आहे. त्यावर मी वेळ घालवत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, कारण त्यात मी तीन वर्षं अडकले होते आणि आपण अडकलोय हे कळायलाच त्यातली बरीचशी गेली.

ती गोष्ट म्हणजे दोन टोकांचा दिवस.

आमचा क्लायंट न्यू जर्सीचा. टीम अर्धी भारतात, अर्धी तिकडे. सकाळी १० ला भारतातल्या टीमचा स्टँडअप, म्हणजे कोण काय करतंय ते सांगायची रोजची छोटी मीटिंग, संध्याकाळी तिकडच्या लोकांबरोबर कॉल. जॉइन होताना टीम लीडनं सांगितलं, टायमिंग एकदम फ्लेक्सिबल आहे, दुपारी तुझा वेळ तुला, झोप, बाहेर जा, काहीपण कर. मला वाटलं यापेक्षा चांगलं काय असणार, दुपारी लेक शाळेतून येते, तिला जेवायला घालता येईल, घरचं बघता येईल, संध्याकाळी परत बसू. तुम्हालाही ऑफरच्या वेळी हेच सांगतील आणि तुम्हालाही ते बक्षीस मिळाल्यासारखं वाटेल. तिथंच थांबा आणि हिशोब करा.

होतं काय, तर सकाळी स्टँडअपला तुम्ही दिसलात म्हणजे भारतातल्या टीमसाठी तुमचा दिवस सुरू झाला. १० ला हजर असलेला माणूस ३ वाजता पण असणारच असं त्यांनी धरलेलं असतं आणि त्यात त्यांची चूक नाही, त्यांचा दिवस चालूच असतो. मग दुपारी वरण-भात कालवताना पिंग येतो, "दोन मिनिटं आहेस का?", त्या दोन मिनिटांची पंचवीस होतात. परत येऊन ताटावर बसावं तर घरातलं कोणीतरी म्हणतं, आता मोकळीच आहेस तर सिलेंडरवाला येणार आहे, जरा बघ. तोवर टीम्सवरचा, म्हणजे ऑफिसच्या चॅट-कॉलच्या ॲपवरचा, हिरवा ठिपका पाच मिनिटं हात लावला नाही की पिवळा झालेला असतो, म्हणून लॅपटॉप ओट्याशेजारी आणून ठेवायचा आणि पोळी उलटता उलटता माऊस हलवायचा. साडेसहाला परत तयारी, कारण तिकडची सकाळ सुरू झाली. म्हणजे ना धड काम, ना धड घर, आणि संध्याकाळपर्यंत डोकं असं जड होतं की आज नेमकं काय केलं हे विचारलं तर सांगता येत नाही. वर मनाला टोचणी वेगळीच, दुपारी दोन तास घरी दिले ना, मग रात्री जास्त बसलं पाहिजे. ही टोचणीच खरा फास आहे. तिच्यामुळे तुम्ही स्वतःहून रात्री अकराला टिकेटं, म्हणजे कामाच्या नोंदी, अपडेट करत बसता, कोणी सांगितलेलं नसतं.

त्यात अमेरिकेचं घड्याळ. आपण घड्याळ बदलत नाही, ते बदलतात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागं. त्यांचा सकाळी १० चा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडं संध्याकाळी ७:३० ला असतो, आणि हिवाळ्यात ८:३० ला. त्यांना काहीच फरक पडत नाही, दहा ते दहाच. आपला एक तास रात्रीत सरकतो आणि कॅलेंडरमध्ये तो आपोआप सरकलेला असतो म्हणून कोणी विचारतही नाही.

२०२३ ची दिवाळी. ५ नोव्हेंबरला त्यांची घड्याळं मागं गेली होती आणि त्यानंतर दहाएक दिवसांनी भाऊबीज. मी सुट्टी टाकली नव्हती, म्हटलं एकच कॉल आहे, अर्ध्या तासाचा, ८:३० ते ९. भाऊ साताऱ्याहून आला होता, त्याला रात्रीच्या एसटीनं परत जायचं होतं. पाट मांडला, ताटात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, सगळं काढून ठेवलं होतं. कॉल लांबला, रिलीजमध्ये एक बग निघाला होता आणि तो माझ्याच मॉड्यूलचा. मधल्या खोलीतून मला फटीतून पाटावर बसलेला तो दिसत होता, निरांजन एकदा विझलं तेव्हा सासूबाईंनी परत तूप घातलं, परत लावलं. पावणेदहाला तो उठला, टोपी काढून खिशात घातली, दारात येऊन मला नुसता हात केला, कारण माझा माईक चालू होता. औक्षण झालंच नाही. ताट तसंच होतं, अक्षता ओल्या कुंकवाला चिकटून वाळल्या होत्या. तो काही बोलला नाही, अजूनही बोलत नाही, पण मी त्या रात्री झोपले नाही.

दुसऱ्या दिवसापासून लेकीच्या जुन्या वहीत मी दोनच गोष्टी लिहायला लागले. लॅपटॉप पहिल्यांदा कधी उघडला आणि शेवटचा कधी मिटला. दोन आठवडे. सरासरी निघाली सकाळी ९:४० ते रात्री १०:१०, साडेबारा तास. खरं बसून केलेलं काम रोज साडेसात-आठ तासांच्या वर नव्हतं. मधले साडेचार तास कुणाचेच नव्हते. आठवड्याचे ६२ तास मी कामाला जुंपलेली होते आणि पगार ४० चा. तुम्ही दुसरं काही केलं नाहीत तरी हे एवढं करा. ॲप नको, टायमर नको, वही आणि दोन आकडे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये मांडलं होतं की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त असतो. माझे सगळे तास कामाचे नव्हते हे मान्य, पण शरीर आरामात होतं असंही नाही, बीपी तेव्हाच पहिल्यांदा वाढलेलं निघालं.

आता यातून बाहेर कशी आले ते. खरं सांगायचं तर शब्द मला सासूबाईंमुळे सापडला. त्यांना मी चार वर्षं समजावत होते, आई, मी घरी असले तरी कामावर आहे. त्यांना ते पटायचं नाही, कारण त्यांना दिसायचं ते असं की मी दुपारी दोनला भांडी लावतेय, चारला लेकीची वेणी घालतेय आणि मग सातला म्हणतेय काम आहे. एकदा वैतागून म्हटलं, नाना कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचे तेव्हा तुम्ही त्यांना दूध आणायला पाठवायचात का? सासरे साखर कारखान्यात होते, गळीत हंगामात तीन पाळ्या, आठ-आठ तासांच्या. आई लगेच म्हणाल्या, दुसऱ्या पाळीला चार वाजता भोंगा झाला की माणूस गेला, बारापर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. आणि मग मलाच विचारलं, तुझी पाळी कुठली?

मला उत्तर देता आलं नाही. माझी पाळीच नव्हती. मी पहिल्या आणि दुसऱ्या दोन्हींना हजेरी लावत होते.

तर पोरांनो, हे एवढंच आहे. एक टोक धरा. सकाळचं किंवा संध्याकाळचं. कामाला एक सुरुवात आणि एक शेवट पाहिजे, मध्ये जेवणाची सुट्टी एका तासाची चालेल, चार तासांचं भगदाड चालणार नाही. फ्लेक्सिबल हा शब्द ऐकला की आनंद मानू नका, विचारा, सुरुवात किती वाजता आणि शेवट किती वाजता. माझी आता दुपारी १ ते रात्री ९:३०, हिवाळ्यात १:३० ते १०, मध्ये संध्याकाळी तासभर उठते. सकाळ पूर्ण माझी. लेकीला शाळेत सोडून प्रीतिसंगमावर चक्कर मारते, घाटावर थोडं बसते, येताना भाजी. घरच्यांसाठी खूण म्हणून दाराच्या कडीला लाल ओढणी बांधते, ओढणी आहे म्हणजे मी कारखान्यात आहे. आई आता शेजारणींना पण सांगतात, ती दुसऱ्या पाळीला असते, सकाळी या. मला टीम्सच्या कुठल्याही सेटिंगनं एवढी मदत केली नाही. पाळी संपल्यावर मोबाईलवर मेसेज वाजू नयेत म्हणून ॲपमधली क्वाएट टाइमची सेटिंग तेवढी लावून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

मुलग्यांनी हा भाग आपला नाही असं समजू नये. तुम्हालाही घरचे "घरीच आहेस ना" म्हणून बँकेत पाठवतात, आणि तुम्ही रूमवर एकटे राहत असाल तर उलटं होतं, कोणी हाक मारणारच नाही म्हणून रात्री एकपर्यंत बसता. त्यांनी तर शेवट जास्त कडक ठेवावा.

माऊस हलवणारं ते यंत्र मिळतं ना, ते घेऊ नका. मी ओट्याजवळ हातानं तेच करत होते म्हणून सांगतेय, ते यंत्र तुमचा ठिपका हिरवा ठेवतं आणि तुमची भीती पण. शिवाय पकडले जाता. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचं भासवलं म्हणून डझनभराहून जास्त लोकांना काढलं. नवीन माणसाला असा डाग परवडत नाही. ते पहाटे पाचला उठून अमुक करा, तमुक करा सांगणारे व्हिडिओपण बघू नका, ज्यांचा कॉल रात्री दहाला संपतो त्यांच्यासाठी ते बनवलेले नाहीत.

आणि मेंटॉर. यावर माझं मत पक्कं आहे. "आम्ही तर सुरुवातीला दोन-दोन वाजेपर्यंत बसायचो" असं म्हणणाऱ्या सिनियरला मेंटॉर करू नका, कितीही हुशार असू दे. तो तुम्हाला काम शिकवेल आणि त्याबरोबर त्याची सवय पण चिकटवेल. टीममध्ये असा माणूस शोधा जो वेळेवर लॉगआउट होतो आणि तरी ज्याला सगळे विचारतात. तो तुमच्यापेक्षा फक्त दोन वर्षं पुढं असला तरी चालेल. मला अशी एक मुलगी भेटली, वयानं माझ्यापेक्षा लहान, तिनं मला एक गोष्ट शिकवली: रात्री सुचलेला मेसेज लिही, पण शेड्यूल करून सकाळचा टाक. नाहीतर समोरच्याला वाटतं ही साडेदहाला असते.

कायदा येईल या भरवशावर राहू नका. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं विधेयक मांडलं होतं, पण ते खासगी विधेयक, म्हणजे सरकारनं नाही तर एका खासदारानं स्वतः मांडलेलं, आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही. रेष तुम्हालाच आखायची आहे.

आता घाबरू पण नका. हे सगळं पहिल्या दिवशी मागता येत नाही हे मला कळतं. पहिले तीन महिने जास्त बसावं लागणार, नवीन काम शिकायला लागतं तेवढं, त्यात काही वाईट नाही. कॉलवर तोंड उघडायला भीती वाटते, मलाही वाटायची, म्हणून आपण तास जास्त देऊन भरपाई करतो. तीन महिन्यांनी मात्र वही काढा. राउटरला छोटा यूपीएस लावा, हजार-दोन हजारांत येतो, महावितरणची वीज गेली तरी कॉल तुटत नाही आणि "लाईट गेली होती म्हणून रात्री भरून काढते" हे वाक्य तुमच्या आयुष्यातून जातं.

लीडशी बोलताना ताण, थकवा, घरच्या अडचणी यांनी सुरुवात करू नका. खोटं बोला असं नाही म्हणत, पण त्यावर समोरचा सहानुभूती देतो आणि विषय संपतो. मी तक्ता केला. आठवड्यातल्या सगळ्या मीटिंगा, त्यात मी बोलते किती, माझ्याशिवाय अडतं का. ११ पैकी ४ मध्ये मी लागत होते, आणि त्यातल्या ३ संध्याकाळच्या. मेलमध्ये लिहिलं, चार आठवडे मी १ ते ९:३० करून बघते, सकाळच्या स्टँडअपचं अपडेट आदल्या रात्री लिहून ठेवीन, काही अडलं तर परत जुन्या वेळेवर येईन. मेल पाठवून लॅपटॉप मिटला तेव्हा हात थरथरत होते, वाटलं आता नाव खराब झालं. तीन दिवस उत्तर नाही. त्या तीन दिवसांत माझा मनातल्या मनात राजीनामा पण लिहून झाला होता.

चौथ्या दिवशी दोन ओळी आल्या. चालेल, करून बघ. सोमवारी फक्त स्टँडअपला ये, स्प्रिंट प्लॅनिंग, म्हणजे पुढच्या टप्प्याच्या कामाचं नियोजन, असतं.

सोमवारी अजूनही जाते. त्या दिवशी संध्याकाळचा कॉल मी घेत नाही.