सीझनच्या शेवटी हरलेल्या फुटबॉल टीमला परत उभं कसं करायचं

आपल्या बेळगावात शेवटची मॅच हरली की त्याच दिवशी पोरांना गोल करून बसवून भाषण द्यायचं नाही, हे पहिलं. विशेषतः सेमीफायनल किंवा फायनल टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्ट्यांवर गेली असंल तर त्यावेळी त्यांच्या डोक्यात काहीच शिरत नसतं, कोण रडायलाय, कोण रेफ्रीला शिव्या घालायलाय, कोण बूट काढून नुसता बसून राहिलाय. पाणी द्या, कुणाचा पाय मुरगळलाय काय बघा, खानापूर साइडच्या पोरांची शेवटची बस चुकू देऊ नका, बास.

दुसरं काम त्याच रात्री करायचं, ते म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळायचा. हुकलेल्या पेनल्टीचा व्हिडिओ कुणीतरी टाकतंच आणि खाली हसायच्या इमोज्या सुरू होतात, ॲडमिननं तो लगेच डिलीट करायचा आणि टाकणाऱ्याला वेगळा फोन करून सांगायचं, ग्रुपवर भांडत बसायचं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पोरगं मॅचमुळं खेळायचं सोडत नाही, मॅचनंतर चार दिवस जे ऐकावं लागतं त्यामुळं सोडतंय.

मग आठ-दहा दिवस सुट्टी द्या. आपल्याकडं शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी असते, कुणाच्या घरी लग्न असतंय, जाऊ दे की त्यांना. त्यानंतर सगळ्यांना ग्राउंडवर बोलवा आणि एक कोरा कागद न्या. "कोण चुकलं" हे विचारायचंच नाही. सीझनभरात आपण खाल्लेला एकेक गोल पोरांना आठवायला लावायचा, कितव्या मिनिटाला, कुठल्या साइडनं आला, त्याआधी बॉल कुणाकडं होता, आणि त्यांच्यातल्याच कुणालातरी ते लिहायला लावायचं. लहान पोरानं आधी बोलायचं, कॅप्टननं नंतर, कोचनं सगळ्यात शेवटी. कोण मराठीत सांगंल, कोण कन्नडमध्ये, कॅम्पातली पोरं उर्दूत सांगतील, सांगू दे, एकमेकांचं त्यांना सगळं कळतंय. कागद भरत आला की बहुतेक वेळा दिसतं ते हे की निम्म्याच्या वर गोल शेवटच्या पंधरा-वीस मिनिटातले आहेत, पाय संपल्यावरचे. आपली पोरं उद्यमबागच्या कारखान्यात शिफ्ट करून, वडगावात मागावर काम करून खेळायला येतात, दम टिकणार कुठनं? हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून बघितलं की एका पोरावरचं खापर आपोआप उतरतं, आणि पुढं काय करायचं तेही त्याच कागदावर असतंय.

पेनल्टी हुकलेल्या पोराला मात्र एकट्याला भेटा. चहा पाजा, "जाऊ दे, विसर ते" म्हणू नका, तो विसरत नसतो. त्याला काम द्या. प्रॅक्टिस संपली, सगळे दमले की बाकीच्यांना सेंटर लाइनवर उभं करायचं आणि एकेकानं तिथनं एकट्यानं चालत स्पॉटवर जायचं, बॉल स्वतःच्या हातानं ठेवायचा, शिट्टी झाल्यावर एक लांब श्वास घ्यायचा आणि मग मारायचं, कोपरा आधीच ठरवलेला पाहिजे आणि गोली हलला म्हणून बदलायचा नाही. नुसतं अकरा मीटरवरनं दहा बॉल हाणून काही होत नाही, त्या चालत जाण्यातच पाय जड होतात. गॅरेथ साउथगेट १९९६ च्या युरो सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध पेनल्टी हुकला होता, तोच २०१८ च्या वर्ल्डकपला इंग्लंडचा कोच होता आणि त्याच्या टीमनं कोलंबियाला पेनल्टीवरच हरवलं. हे त्या पोराला सांगा.

सगळ्या टीमला सांगायला आपल्याच कर्नाटकातलं उदाहरण आहे. बेंगळुरू एफसी २०१८ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल स्वतःच्या कंठीरवा स्टेडियमवर चेन्नईयिन टीमकडनं ३-२ नं हरली, तेसुद्धा कॅप्टन सुनील छेत्रीनं सुरुवातीलाच गोल मारून. पुढच्याच वर्षी परत फायनलला आले, समोर आपल्या शेजारची एफसी गोवा, नव्वद मिनिटं ०-०, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेनं हेडर घालून मॅच जिंकून दिली. एक डिफेंडर, ११७ व्या मिनिटाला उडी मारायला त्याच्या पायात दम शिल्लक होता. पोरांना स्कोअरपेक्षा हे जास्त लक्षात राहू दे.

जून लागला की ग्राउंडवर नुसता चिखल, हजेरी घसरते, टीम खरी तुटते ती तेव्हा. म्हणून आठवड्यातनं दोनच दिवस ठेवा पण ते मोडू नका. रविवारी सकाळी राजहंसगडाचा चढ, पावसातसुद्धा, जमंल तसं पळत जमंल तसं चालत, आणि दुसऱ्या दिवशी टर्फ मिळाला तर पाच-पाचच्या मॅचेस. शिफ्टवाल्यांना वेळ बदलून द्या. बेंचवरच्या पोरांना याच काळात जास्त खेळवा, सीझनभर बसून त्यांचं मन सगळ्यात जास्त खट्टू झालेलं असतं आणि त्याकडं कुणाचं लक्ष नसतं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या पोरांच्या घरी एकदा स्वतः जाऊन या, आईवडलांना प्रॅक्टिसची वेळ सांगा, त्यापेक्षा जास्त वेळ पोरगं अडकवून ठेवू नका.

पाऊस ओसरला की फ्रेंडली लावा. ज्यांनी हरवलं त्यांच्याशीच पहिली लावायची सगळ्यांना घाई असते, तसं करू नका. पहिल्या दोन बरोबरीच्या टीमशी खेळा, आणि तेव्हाही स्कोअर बाजूला ठेवून शेवटच्या वीस मिनिटात किती खाल्ले तेवढं त्या जुन्या कागदाशेजारी लिहा. आकडा खाली आला की मग त्या टीमला फोन करा.