थ्री नॉट थ्रीबद्दल सांगताना, लिहिताना या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात फौजी नसलेलं गाव शोधावं लागतं, आणि अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाचं तर नावच बोलतं, त्यामुळं पारावर थ्री नॉट थ्रीचा विषय निघणारच. निघू दे की. पण गणपतीच्या देखाव्यात, शाळेच्या गॅदरिंगला आणि व्हॉट्सॲपवर या रायफलच्या, म्हंजे इंग्रजांच्या काळातल्या .३०३ ली-एनफिल्डच्या, नावानं जे काय खपवलं जातं ना, ते बघून एखादा रिटायर्ड सुभेदार डोकं धरून बसतो.

सगळ्यात मोठा घोळ १८५७ चा. चरबीच्या काडतुसांची ती एनफिल्ड आणि थ्री नॉट थ्री एकच, असं छातीठोक सांगणारे लोक आहेत. अजिबात नाही. १८५७ वाली म्हंजे पॅटर्न १८५३, .५७७ इंच बोअरची (बोअर म्हंजे नळीचा आतला व्यास) ठासणीची बंदूक, कागदाचं काडतूस दातानं फाडायचं, दारू नळीच्या तोंडातनं ओतायची आणि गजानं ठासायची, आणि दातानं फाडायचं म्हणूनच तर चरबीवरनं भडका उडाला. थ्री नॉट थ्रीचं काडतूस पितळेचं, त्याला दात लावून काय करणार? ली-एनफिल्ड आली १८९५ मध्ये, आणि आपण फोटोत बघतो ती आखूड नळीची मार्क थ्री १९०७ ची. एनफिल्ड हे नाव दोघींना आलं ते लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यामुळं, आणि 'ली' म्हंजे जेम्स पॅरिस ली, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला, बोल्ट (हातानं मागं-पुढं करून गोळी नळीत सरकवायचा दांडा) आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) यांची मूळ कल्पना त्याची. तेव्हा मंगल पांडेंच्या हातात बोल्टवाली रायफल देऊ नका, देखाव्याचा सगळा खर्च पाण्यात.

३०३ म्हंजे १९०३ साल नाही. नळीचा बोअर .३०३ इंच, मिलिमीटरमध्ये ७.७, विषय संपला.

दुसरं, 'हातानं बोल्ट ओढायचा म्हंजे संथ असणार' हे. आता नीट बघा, बोल्टची मूठ घोड्याच्या अगदी जवळ, बोल्ट फिरवायचा फक्त ६० अंश, स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट पुढं ढकलताना, आणि मॅगझिनमध्ये १० गोळ्या, जर्मन माऊझर रायफलमध्ये मात्र ५ असायच्या. पाच-पाचच्या दोन पट्ट्या वरनं दाबल्या की भरली. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाला ३०० यार्डांवर मिनिटाला १५ गोळ्या मारायची प्रॅक्टिस असायची, त्याला मॅड मिनिट म्हणायचे. चिखलात, धुळीतही चालायची, म्हणून तर एवढी वर्षं टिकली, कॅनडाच्या बर्फाळ भागातले रेंजर्स तर २०१८ च्या आसपासपर्यंत ती वापरत होते.

पण म्हणून तिला अजिंक्य करून टाकणं हीपण चूकच. १९६२ ला आपले जवान चीनसमोर हीच घेऊन उभे होते आणि समोर ऑटोमॅटिक हत्यारं होती, त्यानंतरच सेल्फ लोडिंग रायफल (पुढची गोळी आपोआप भरणारी) जोरात आली. २६/११ ला सीएसटीवर काही पोलिसांकडं हीच होती आणि समोर एके-४७. शौर्य माणसाचं होतं हो, रायफलचं वय झालेलं.

आणि प्रत्येक मराठा वीराच्या हातात थ्री नॉट थ्री रंगवू नका. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, इटलीत १९४४ ला व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांच्या हातात टॉमी गन, म्हंजे हातातली छोटी मशीनगन होती, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून ती नळीकडनं धरून शत्रूवर चालवली. एवढा जबरदस्त प्रसंग असताना वरनं खोटी रायफल कशाला घालायची?

ओळखताना होणारा घोळ तर विचारूच नका. कुणाकडं लायसनची बोल्ट रायफल दिसली की 'थ्री नॉट थ्री आहे बघ'. गड्या, .३०३ आपल्याकडं प्रतिबंधित बोअर आहे, ती साध्या लायसनवर मिळत नाही. तुम्ही बघितली ती बहुतेक .३१५, ऑर्डनन्स फॅक्टरीची. बोल्ट ली-एनफिल्डच्याच वळणाचा, म्हणून फसायला होतं, गोळी मात्र वेगळी. सरकारी गोळी खाजगी बंदुकीत चालू नये हा इंग्रजांच्या काळापासूनचा हिशोब. तसंच चौकोनी, १२ गोळ्यांचं मॅगझिन दिसलं तर ती इशापूरच्या कारखान्यातली टूए रायफल, १९६२ नंतरची, ७.६२ मिलिमीटरची, दिसायला सख्खी बहीण पण .३०३ नाही. एनसीसीत तुम्ही फायर केलेली तर बहुतेक .२२ असणार, ड्रिलला खांद्यावर थ्री नॉट थ्री होती म्हणून गल्लत होते. पुढच्या लाकडावर तारेचं वेटोळं दिसलं की 'फुटलेली, बांधून चालवलेली' म्हणतात, ते ग्रेनेड फेकायच्या रायफलला मजबुतीसाठी घातलेलं असतं.

शेवटची चूक जरा सिरियस आहे. आजोबांच्या ट्रंकेत जुनी काडतुसं सापडली तर ब्रासो मारून शोकेसमध्ये लावू नका, रीलमध्ये तर मुळीच दाखवू नका. जिवंत काडतूस विनालायसन जवळ ठेवणं गुन्हा आहे, मग ते कितीपण जुनं असू दे. ठोकून, तापवून बघायचं नाही, गाडीत घालून न्यायचं पण नाही, आहे तिथंच ठेवून पोलिस स्टेशनला फोन लावायचा. आठवण म्हणून मेडल, डिस्चार्ज बुक आणि रेजिमेंटमधला फोटो फ्रेम करा, आणि फोटोतल्या रायफलचं नाव खात्री असेल तरच खाली लिहा.