किल्ली हातात आली की आधी मीटर बघा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत भाड्याचं घर ठरलं की सगळं लक्ष टेम्पो, लिफ्ट आणि सोसायटीच्या परवानगीकडे जातं. त्याआधीचं अर्ध्या तासाचं काम राहून जातं आणि मग मागच्या भाडेकरूने जाळलेल्या विजेचे पैसे तुमच्या गळ्यात पडतात. सामान वर चढण्याआधी, मालक किंवा एजंट समोर असतानाच, वीज आणि गॅस दोन्ही मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि लगेच मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. तारीख आपोआप नोंदली जाते, पुढे वाद होत नाही.

वीज ठाणे शहराच्या बहुतेक भागात आणि नवी मुंबईत महावितरणची आहे. कळवा, मुंब्रा आणि शीळ या पट्ट्यात मात्र मार्च २०२० पासून बिलं आणि तक्रारी टोरंट पॉवर ही खासगी कंपनी बघते. मालकाकडून शेवटचं बिल मागून घ्या. त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या अॅपमध्ये टाकला की थकबाकी दिसते. ती शून्यावर आल्याशिवाय ताबा घेऊ नका.

आता बिल हातात घेऊन तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये उतरा. मीटरवरचा क्रमांक आणि बिलावरचा मीटर क्रमांक एकच आहे का ते बघा. नंबर जुळला तरी थांबू नका, कारण वायरिंग करताना दोन फ्लॅटच्या वायरी अदलाबदल झालेल्या सापडतात. एकाने घरातला मेन स्विच बंद करावा, दुसऱ्याने मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघावा. वीज वापरली जात असेल तेवढाच तो लुकलुकतो. मेन बंद करूनही लुकलुक चालूच राहिली, तर तो मीटर दुसऱ्याचं घर चालवतोय किंवा मधल्या वायरमध्ये गळती आहे. अशा वेळी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा.

बिल दर महिन्याला येतं. त्यावर मीटरचा फोटो आहे का ते बघायची सवय लावा. फोटो नसेल आणि 'सरासरी' असा शेरा असेल तर रीडिंग घेतलेलंच नाही. तेव्हा स्वतः फोटो काढून अॅपवरून रीडिंग पाठवा. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा बराच चढा. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला एक ते दीड युनिट घेतो. दोन किलोवॅटचा गीझर पाव तासाला अर्धं युनिट खातो. एवढं माहीत असलं की बिल कुठे फुगलं ते कळतं.

पावसाळ्यात इथे हमखास होणारी गोष्ट म्हणजे आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, वारंवार पडणं. गॅलरीतल्या प्लगमध्ये किंवा गीझरच्या कॉइलमध्ये ओल शिरलेली असते. सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे छोटे स्विच, खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याने पडेल, त्या लाइनवरचे सगळे प्लग काढून पुन्हा बघा. आरसीसीबी पडू नये म्हणून तो काढून थेट जोड मारून देणारे भेटतात. तसं अजिबात करू देऊ नका, करंटपासून जीव वाचवणारी तीच एक वस्तू आहे.

गॅसचं सगळ्यात जास्त चुकतं. पुष्कळ इमारतींत महानगर गॅसची पाइपलाइन आहे आणि लोक गावाकडून आणलेली सिलिंडरची शेगडी तशीच जोडतात. पाइपच्या गॅसला जेट, म्हणजे शेगडीतलं गॅस सोडणारं बारीक छिद्र, मोठं लागतं, म्हणून ज्योत मिणमिणते आणि भाकरी कच्ची राहते. उलट पाइपच्या गॅसची शेगडी सिलिंडरला जोडली तर ज्योत पिवळी, उंच उठते आणि भांडी काळी होतात. ते तर धोक्याचंच. जेट कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. मीटरवरचे काळे आकडेच रीडिंगला धरायचे, लाल सोडून द्यायचे. ट्रॉली बसवताना पाइप आणि मीटरजवळचा कॉक झाकू नका, तो हाताला लगेच सापडला पाहिजे.

वास आला तर दोन गॅस वेगळे वागतात. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे साठतो. सिलिंडरचा जड, तो जमिनीलगत पसरतो, त्यामुळे गॅलरीचं दारही सताड उघडावं लागतं. कॉक किंवा रेग्युलेटर बंद करा, विजेचं एकही बटण चालू-बंद करू नका, आणि घराबाहेर येऊन फोन लावा. सिलिंडरसाठी १९०६.

सिलिंडर घेत असाल तर दारातच वजन करून घ्या. सिलिंडरवर लिहिलेल्या रिकाम्या वजनात १४.२ किलो मिळवले की भरलेलं वजन आलं पाहिजे. वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला 'डी-२७' असं काही लिहिलेलं असतं, ती तपासणीची मुदत. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. नारिंगी सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदला. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी ओढून कधीच बघू नका.

पाण्याची चौकशी वॉचमनकडे करा, त्याला वेळा तोंडपाठ असतात. दिघा ते बेलापूर पाणी नवी मुंबई महापालिकेचं, बहुतेक मोरबे धरणाचं. खारघर-कामोठ्यात राहणारे पत्त्यात नवी मुंबई लिहितात, पण त्यांची महापालिका पनवेलची. तक्रार घेऊन नवी मुंबई महापालिकेत जाण्यात दिवस फुकट जातो. घोडबंदर रोडला टँकरवर किती भिस्त आहे ते करार करण्याआधी विचारा. आणि आरओ फिल्टर आल्या आल्या घेऊ नका. धरणाच्या पाण्यात मुळात क्षार कमी असतात, त्याला यूव्ही, म्हणजे किरणांनी जंतू मारणारा फिल्टर, पुरतो. आरओ उगाच निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं साधं टीडीएस मीटर घेऊन सकाळी नळाचं आणि दुपारी टाकीचं पाणी मोजा. आकडा ५०० च्या वर गेला तर बोअरिंग किंवा टँकरचं पाणी मिसळतंय असं समजा आणि मगच आरओचा विचार करा.

कचऱ्यासाठी ओला आणि सुका असे दोन डबे पहिल्याच दिवशी आणा. पॅड आणि डायपर वेगळे कागदात गुंडाळून द्या, ते हाताने वेचणाऱ्या माणसाला कळावं म्हणून पुडीवर पेनाने खूण करा.