दुसऱ्यांचा धंदा ज्यावर चालतो असा प्लॅटफॉर्म कसा बांधायचा

गेली सात-आठ वर्षं मी मेसेज पाठवायचा प्लॅटफॉर्म चालवतोय. म्हणजे लॅबमधून तुम्हाला 'रिपोर्ट तयार आहे' येतं, पतसंस्थेकडून हप्त्याची आठवण येते, क्लासकडून 'तुमचा मुलगा आज गैरहजर' येतं, त्याच्या मागे आमच्यासारखे लोक असतात. आमचं नाव कुणाला माहीत नसतं आणि ते बरंच आहे, कारण लोकांना आमचं नाव कळलं म्हणजे त्या दिवशी काहीतरी फाटलेलं असतं. बरीच पोरं विचारतात की दादा आम्हालाही असं एपीआयचं काहीतरी काढायचंय, सुरुवात कुठून करू. (एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला काम सांगायचा ठरलेला दरवाजा.) दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी, प्लॅटफॉर्म बांधायला बसू नका. आम्ही पहिल्यांदा एका लॅबचं काम घेतलं होतं, मग एका क्लासचं, मग एका पतसंस्थेचं, आणि तिन्हीकडे मेसेजचा कोड कॉपी-पेस्ट मारलेला. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की एकच बग तीन ठिकाणी दुरुस्त करत बसलोय, तेव्हा तो भाग बाहेर काढला. तोपर्यंत लोकांना काय लागतं आणि काय अजिबात लागत नाही ते कळलेलं होतं. आधीच बसून 'सगळ्यांना चालेल असं' काहीतरी केलं असतं तर ईमेल, पुश, आणखी काय काय घातलं असतं आणि पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांना हवं होतं एवढंच की मेसेज पोचला का नाही ते एक्सेलमध्ये दिसू दे. यूपीआय पण एका दिवसात आकाशातून पडलेलं नाही, २०१० पासून आयएमपीएस (बँकेतून बँकेत लगेच पैसे पाठवायची सोय) चालू होतं, त्या पायावर २०१६ मध्ये यूपीआय उभं राहिलं.

आता एपीआय. एकदा बाहेर दिलेली गोष्ट परत घेता येत नाही हे डोक्यात पक्कं बसवा. आमच्या एका एरर मेसेजमध्ये स्पेलिंग चुकलेलं होतं, नवीन आलेल्या मुलाने चांगल्या मनाने ते दुरुस्त केलं आणि अर्ध्या तासात एका कस्टमरचा फोन, की आमचे सगळे मेसेज अडकलेत. बघितलं तर त्यांच्या डेव्हलपरने ते चुकलेलं स्पेलिंगच शोधून त्यावर रिट्राय, म्हणजे आपोआप परत पाठवणं, लावलेला! आता चूक कुणाची म्हणायची? त्याची नाही, आमचीच, कारण आम्ही एरर कोड (प्रत्येक चुकीची ठरलेली खूण) दिलाच नव्हता, बिचाऱ्याने जे दिसलं ते पकडलं. गूगलमध्ये काम केलेले इंजिनियर हायरम राइट यांच्या नावाने यावर एक नियमच आहे, वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही कागदावर काय कबूल केलंय याला अर्थ उरत नाही, जे जे दिसतं त्यावर कुणीतरी अवलंबून असतंच.

म्हणून पहिल्या दिवसापासून: प्रत्येक एररला न बदलणारा कोड द्या आणि समजावणारा मजकूर वेगळ्या फील्डमध्ये ठेवा. आयडी कायम स्ट्रिंग (आकडा नव्हे, मजकूर) म्हणून द्या, नाहीतर कुणीतरी तो आकडा धरून साठवेल आणि उद्या तुम्ही त्यात एक अक्षर घातलं की मेलात. पैसे पैशांतच ठेवा, म्हणजे १२ रुपये ५० पैसे म्हणजे १२५०, दशांशात ठेवलं तर कॉम्प्युटर ०.१ आणि ०.२ ची बेरीज पण धड करत नाही. वेळेबरोबर टाइमझोन द्या. हे सगळं वाचायला बाळबोध वाटतं पण नंतर बदलायला वर्ष जातं. व्हर्जनसाठी स्ट्राइप या पेमेंट कंपनीची पद्धत मला सगळ्यात पटते, व्हर्जनला तारखेचं नाव आणि खातं ज्या व्हर्जनवर सुरू झालं तिथेच ते पिन राहतं, कस्टमर स्वतः हलवेल तेव्हाच हलतं. जुनं बंद करायचंच असेल तर निदान वर्षभराची मुदत द्या आणि नुसते ईमेल पाठवून मोकळे होऊ नका, ते कुणी वाचत नाही. लॉगमधून (सर्व्हरवरच्या नोंदींमधून) जुनं कोण वापरतंय त्याची यादी काढा आणि एकेकाला फोन करा.

यानंतर मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते म्हणजे तीच रिक्वेस्ट (एपीआयला सांगितलेलं काम) दोनदा येणं. ही येणारच. कस्टमरच्या सर्व्हरने रिक्वेस्ट पाठवली, तुम्ही काम केलं, उत्तर परत जाताना नेट तुटलं. त्याला वाटतं झालं नाही, तो परत पाठवतो. आमच्याकडे फार तर एखाद्याला दोनदा मेसेज जाईल आणि तो वैतागेल, पण पेमेंटच्या धंद्यात याचा अर्थ माणसाच्या खात्यातून दोनदा पैसे गेले. उपाय साधा आहे. पाठवणाऱ्याने प्रत्येक कामाला स्वतःची एक 'की', म्हणजे वेगळा ओळख नंबर, द्यायची, तुम्ही ती डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स (तीच गोष्ट दोनदा साठवू न देणारा नियम) लावून साठवायची आणि उत्तर पण तिच्याबरोबर ठेवायचं, तीच 'की' परत आली की काम न करता जुनंच उत्तर द्यायचं. लोक चुकतात कुठे, तर आधी 'की आहे का' बघतात आणि मग टाकतात, त्या मधल्या क्षणात दुसरी रिक्वेस्ट घुसते. बघू नका, सरळ टाका, डेटाबेस अडवेल. पहिली अजून चालू असताना दुसरी आली तर 'काम चालू आहे, थोड्या वेळाने विचारा' असं उत्तर द्या. आणि 'की' तीच पण आतला नंबर किंवा रक्कम वेगळी असेल तर स्पष्ट एरर द्या, कारण तो हमखास कस्टमरच्या कोडमधला बग असतो आणि तुम्ही गप्प बसलात तर तो महिनाभर सापडणार नाही. 'की' किती दिवस ठेवायच्या तुम्ही ठरवा, स्ट्राइप किमान २४ तास ठेवतं, आम्ही तीन दिवस ठेवतो कारण आमचे काही कस्टमर शुक्रवारी अडकलेली फाइल थेट सोमवारी परत चालवतात.

परत पाठवण्याचा विषय निघालाय तर दुसरी बाजू पण बघू. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय बंद पडलं होतं आठवतंय? नंतर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या तपासात आलं की 'व्यवहाराचं काय झालं' हे विचारणाऱ्या एपीआयवर बँकांकडून रिक्वेस्टचा पूर आलेला. म्हणजे खरे व्यवहार बाजूला, चौकशीच एवढी की काउंटर बंद. त्यानंतर चौकशी किती वेळाने आणि किती वेळा करायची याला मर्यादा आल्या, ऑगस्ट २०२५ पासून तर आपल्याला पण एका अ‍ॅपमधून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो. धडा काय घ्यायचा, तर मर्यादा पहिल्या दिवसापासून लावा, भले ती इतकी मोठी असू दे की कुणाला लागणारच नाही. नंतर लावायला गेलात की कस्टमर म्हणतो काल चालत होतं की. मर्यादा ओलांडली की ४२९ ('फार रिक्वेस्ट झाल्या' याचा ठरलेला कोड) द्या आणि किती सेकंदांनी परत यायचं तेही सांगा, आणि तुम्ही कस्टमरला देता त्या लायब्ररीत (तयार कोडमध्ये) दर वेळी वाट दुप्पट करत जा व त्यात थोडे उलटसुलट सेकंद मिसळा, नाहीतर सर्व्हर उठल्या उठल्या सगळे एकाच सेकंदाला धडकतात आणि तो परत झोपतो.

मर्यादेसोबत रांगा पण वेगळ्या ठेवा. हे आम्ही मार खाऊन शिकलो. धनत्रयोदशीच्या सकाळी एका सराफाने ऑफरचे दोन लाख मेसेज टाकले आणि त्यांच्या मागे दुसऱ्या एका कस्टमरचे ओटीपी लायनीत उभे. ओटीपी वीस मिनिटांनी पोचून काय उपयोग? तेव्हापासून ओटीपीची रांग वेगळी, आणि एका रांगेत पण कस्टमरनुसार आळीपाळीने, रेशनच्या दुकानासारखं एकानेच सगळं पोतं उचलून न्यायचं नाही.

काम झालं की तुमचा सर्व्हर कस्टमरच्या सर्व्हरला स्वतःहून कळवतो त्या बाजूबद्दल, म्हणजे वेबहुकबद्दल थोडक्यात: सही करून पाठवा म्हणजे खोटं कुणी पाठवलं तर कळेल, समोरचा सर्व्हर बंद असेल तर वाढत्या अंतराने दिवसभर प्रयत्न करा, आणि क्रम सांभाळू असं वचन कधीही देऊ नका. शिवाय वेबहुक चुकलाच तर विचारून घ्यायची सोय ठेवा.

बदल बाहेर सोडण्याबद्दल. १९ जुलै २०२४, क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअर कंपनीची एक बिघडलेली अपडेट फाइल, साधारण ८५ लाख विंडोज मशीन आडवी, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. तो नवीन सॉफ्टवेअरचा मोठा रिलीज नव्हता, नेहमीची डेटासारखी फाइल होती, ती टप्प्याटप्प्याने न सोडता सगळीकडे एकदम गेली. आपण कोडची टेस्टिंग करतो आणि कॉन्फिग (सेटिंग) बिनधास्त बदलतो, तिथेच घात होतो. आमचा क्रम असा: आधी आमचं स्वतःचं खातं, मग दोन ओळखीचे कस्टमर ज्यांना सांगितलेलं असतं आणि जे लगेच शिव्या घालतात (अशी माणसं जपा), मग दहा टक्के, मग एक रात्र थांबायचं, मग बाकी सगळे. कॉन्फिग असो नाहीतर कोड, रस्ता हाच. आणि महिन्याच्या १ ते ५ तारखेला काहीही सोडायचं नाही कारण तेव्हा पतसंस्थांचे हप्त्याचे मेसेज जातात. तुमच्या कस्टमरचं कॅलेंडर तुमच्या भिंतीवर पाहिजे.

आता तुमच्या खाली कोण आहे ते बघा. तुम्ही लोकांना ९९.९ टक्के चालू राहू म्हणून सांगता, म्हणजे महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद. पण तुम्ही क्लाउड, डेटाबेस सेवा, ऑपरेटर, लॉगिन अशा चार गोष्टींवर उभे असाल आणि त्या प्रत्येकाचे ९९.९ असतील तर वाईटात वाईट हिशोब महिन्याला जवळजवळ तीन तासांवर जातो. मग तुमचे ४३ कुठून आले? आकडा कबूल करायच्या आधी एवढं गणित कागदावर करा. आणि खालचा माणूस म्हणजे फक्त मशीन नाही, नियम पण. ८ मार्च २०२१ ला ट्रायचा (टेलिकॉमवर देखरेख करणारी सरकारी संस्था) डीएलटीचा, म्हणजे मेसेजचे नमुने आधी नोंदवायच्या यंत्रणेचा, नियम लागू झाला, नोंदवलेल्या टेम्प्लेटशी मेसेज जुळला नाही तर ऑपरेटर तो टाकून देणार, आणि त्या दिवशी देशभर ओटीपी गायब झाले, शेवटी ट्रायला सात दिवस नियम थांबवावा लागला. आमच्याकडे त्या दिवशी एकही सर्व्हर बंद नव्हता, स्क्रीनवर सगळं हिरवंगार, आणि फोन मात्र थांबत नव्हते. तेव्हापासून 'आम्ही पाठवला' हा आकडा आम्ही मोजत नाही, आमच्याच ऑफिसातल्या सिम कार्डांवर दर काही मिनिटांनी खरा मेसेज पाठवून तो पोचला का ते मोजतो.

बंद पडाल तेव्हा (पडाल, त्यात लाज नाही) काय बोलायचं ते आज लिहून ठेवा. स्टेटस पेज (काय चालू, काय बंद ते दाखवणारं पान) आपल्याच सर्व्हरवर ठेवू नका, फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनचं एसथ्री (फाइल साठवायची क्लाउड सेवा) एका चुकीच्या टाइप केलेल्या कमांडमुळे गडबडलं तेव्हा त्यांचा स्टेटस डॅशबोर्ड पण एसथ्रीवरच अवलंबून, त्यामुळे बंद आहे हे दाखवताच येईना. आणि भाषा! 'काही युजर्सना अधूनमधून अडचण जाणवू शकते' वगैरे लिहू नका. पतसंस्थेच्या मॅनेजरला त्याच्या सभासदांच्या ग्रुपवर टाकता येईल असं चार ओळींचं मराठी पाठवा, काय बंद आहे, कधीपासून, तोवर काय करायचं, पुढची खबर किती वाजता. सायबर हल्ल्याचं प्रकरण असेल तर सर्ट-इनला (सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) ६ तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे हा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, तो आधीच वाचून ठेवा, त्या रात्री वाचायला वेळ मिळत नाही.

दराबद्दल एकच. कस्टमरला बिल आधी मोजता आलं पाहिजे. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठी ७० चा, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे मराठीत लिहिलेला साधा हप्त्याचा मेसेज दोन-तीन एसएमएसचा होतो. सुरुवातीला आम्ही हे कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि एका पतसंस्थेचं बिल अंदाजाच्या तिप्पट गेलं, त्यांनी भरलं पण पुढचे सहा महिने संशयाने बघत होते. आता पाठवायच्या आधी 'याचे किती होतील' हे सांगणारी फुकट एपीआय आहे, आणि खरं सांगायचं तर आमची सगळ्यात जास्त वापरली जाणारी एपीआय तीच आहे.

आणि सपोर्टचा फोन पहिलं वर्षभर स्वतः उचला. आमच्या त्या 'किती होतील' एपीआयची कल्पना मीटिंगमधून आलेली नाही, एका क्लासच्या ऑफिसमधल्या ताईंनी फोनवर विचारलं होतं की सर, 'ळ' चे पैसे जास्त लागतात का हो.