नेदरलँड्सचा वसंत: ट्युलिपची शेतं सायकलवरून कशी बघावीत

वसंतात नेदरलँड्सला चार दिवस जायचं म्हटलं की ज्याला विचारावं तो एकच कार्यक्रम सांगतो. मुक्काम ॲमस्टरडॅमला, एक दिवस टूरच्या बसने क्यूकेनहॉफ बाग, एक दिवस कालव्यातून बोट, की झालं. यात ट्युलिपची शेतं दिसतात ती बसच्या काचेतून, आणि बस थांबते ती ड्रायव्हरच्या मर्जीने. हा सल्ला आता मला ऐकवत नाही. शेतं बघायला एवढ्या लांब जायचं आणि शेताच्या कडेला दहा मिनिटं निवांत उभं राहायलाही मिळू नये, याला काही अर्थ नाही. ज्याला सायकल चालवता येते त्याने ही शेतं सायकलवरूनच बघावीत. कसं, ते सांगतो. व्हिसा, विमा, गरम कपडे, पावसाचं जॅकेट हे तुमचं तुम्ही बघालच.

तारीख

ट्युलिप साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुललेले असतात. त्याआधी डॅफोडिल आणि हायसिंथ. मार्च उबदार गेला तर सगळं आठवडाभर अलीकडे येतं, थंडी रेंगाळली तर पुढे जातं. मला एकच आठवडा निवडायला सांगितलात तर एप्रिलचा तिसरा.

क्यूकेनहॉफ मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास उघडतं आणि मेच्या मध्याला बंद होतं. म्हणून ‘बाग उघडी आहे ना, मग चला’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बागेत रोज काहीतरी फुललेलं राहील अशीच लागवड केलेली असते. शेताचा हिशेब वेगळा. शेतकऱ्याला फूल नको असतं, जमिनीतला ट्युलिपचा कांदा (बल्ब) हवा असतो. फुलं उमलून पिकाची तपासणी झाली की यंत्र फिरवून सगळी मुंडकी छाटतात, म्हणजे झाडाची ताकद कांद्यात उतरते. काल लाल दिसलेलं शेत आज नुसतं हिरवं असू शकतं. शिवाय एकाच तुकड्यात दरवर्षी ट्युलिप लावत नाहीत, रोग टाळण्यासाठी पीक फिरवतात. तेव्हा कुणाचा गेल्या वर्षीचा फोटो आणि त्याखालचा नकाशा घेऊन तीच जागा शोधत बसू नका. हार्लेम ते लायडन हा पट्टा धरा आणि रंग दिसेल तिकडे वळा.

मुक्काम

हार्लेम किंवा लायडन. ॲमस्टरडॅम नको. फुलांचा पट्टा या दोन गावांच्या मधोमध आहे, त्याला तिकडे बॉलनस्ट्रेक म्हणतात. दोन्ही गावं देखणी, ट्रेनने एकमेकांपासून वीसेक मिनिटांवर. हार्लेमहून ॲमस्टरडॅमही जेमतेम तेवढंच. ॲमस्टरडॅमच्या हॉटेलात २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर लागतो, तो वेगळाच. ट्रेनसाठी तिकिटाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. टॅप होणारं बँकेचं कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना दाखवा. माणशी एक कार्ड लागतं, आणि जे कार्ड आत जाताना वापरलं तेच बाहेर पडताना.

सायकल

नवख्या माणसाची त्रेधा उडते ती इथे. हे सगळं अंगवळणी पडायला मलाही वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुकानात गेल्यावर आधी सीट बघा. डच माणसं उंच आणि त्यांच्या सायकली त्यांच्या मापाच्या. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकलेच पाहिजेत. टेकत नसतील तर सीट खाली करून मागा, तरीही उंच वाटली तर छोटी फ्रेम मागा. संकोच करू नका. मग ब्रेक. तिथल्या कितीतरी साध्या सायकलींना मागच्या चाकाचा हातब्रेक नसतोच, पेडल उलटं मारलं की चाक थांबतं. आपल्याला सवय अशी की सायकल चालू असताना पेडल सहज मागे फिरवून पाय जुळवून घ्यायचे. तिथे तसं केलंत की सायकल जागीच थांबते आणि मागचा तुमच्यावर येऊन आदळतो. दोन्ही हातब्रेक आणि गिअर असलेली सायकल मागितली की मिळते, थोडं भाडं जास्त पडतं. तीच घ्या. स्टेशनवर रांगेने लावलेल्या निळ्या-पिवळ्या सायकली बघून हुरळून जाऊ नका, त्या रेल्वेचं सभासदत्व असलेल्या तिथल्या लोकांसाठी आहेत. कुलपं दोन लागतात: मागच्या चाकाला बसवलेलं गोल कुलूप आणि शिवाय साखळी. साखळी फ्रेममधून घेऊन खांबाला बांधायची.

आता वारा. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे. नकाशावर हा प्रदेश तळहातासारखा सपाट दिसतो आणि ‘घाट नाही, मग काय, आरामात जाऊ’ असं प्रत्येकाला वाटतं. तिथे वारा असतो. समोरून सुटला की पंधरा किलोमीटर जीव काढतो, मध्ये उतार नाही की आडोसा नाही. नियम साधा आहे: जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. सकाळी अंगात ताकद असते, संध्याकाळी नसते. हार्लेम उत्तरेला, लायडन दक्षिणेला. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. तसा असेल त्या दिवशी हार्लेमहून निघा, दक्षिणेकडे लिसे गावापर्यंत जा आणि वाऱ्याबरोबर परत या. पण एप्रिलमध्ये उत्तरेचा किंवा ईशान्येचा कोरडा वाराही कितीतरी दिवस टिकतो. त्या दिवशी ट्रेनने लायडनला जा, सायकल तिथे भाड्याने घ्या आणि उत्तरेकडे चढा. म्हणून सायकल आठवडाभर आधी ऑनलाइन ठरवून ठेवू नका. सकाळी उठल्यावर वाऱ्याची दिशा बघायची आणि मग गाव ठरवायचं. दोन्ही गावांत भाड्याची दुकानं आहेत. फक्त शनिवार-रविवारी आणि ईस्टरच्या सुट्टीत दुकान उघडताच पोहोचा.

वाऱ्याचा जोर तिथे अंकांत सांगतात, बोफर्टच्या मापाने. तीन असेल तर छान. चार असेल तर दमाल, पण जा. पाच म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर आणि वर, सवय नसलेल्याने त्या दिवशी निघूच नये. आदल्या दिवसाचा अंदाज धरून बसू नका, सकाळचाच बघा.

रस्ता शोधायला फोनवरचा नकाशा लावू नका. तो जवळचा रस्ता दाखवतो, म्हणजे गाड्यांच्या मोठ्या रस्त्याला लागून जाणारा, आणि शेतं बाजूला राहतात. तिथे क्नोपपुंट म्हणजे क्रमांक दिलेल्या चौकांचं जाळं आहे. बेल्जियममधल्या लिम्बर्गच्या ह्यूगो बोलन या खाण अभियंत्याने १९९० च्या दशकात ही पद्धत काढली आणि नेदरलँड्सने ती देशभर उचलली. प्रत्येक चौकाला नंबर, चौकात नकाशाची पाटी, आणि तिथून पुढच्या नंबराकडे नेणारे हिरव्या-पांढऱ्या पाट्यांवरचे बाण. आदल्या रात्री चौक निवडायचे आणि त्यांचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून हँडलला चिकटवायचे. दोन-तीन फाटे ओलांडले आणि पाटी दिसली नाही तर चुकलात, मागे फिरा. सायकल चालवताना हातात फोन धरायला १ जुलै २०१९ पासून कायद्याने बंदी आहे आणि दंड चांगलाच बसतो, तेव्हा कागद बरा.

रस्त्याचे नियम थोडेच आहेत. लाल डांबराची पट्टी सायकलची. जमिनीवर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असली तर थांबायचं, आडव्या रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यायचं. पाटी नाही, त्रिकोण नाही, सिग्नल नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. वळायच्या आधी हात दाखवा. मागून घंटी वाजली की उजवीकडे सरका. कुणी रागावलेलं नसतं, त्याला फक्त पुढे जायचं असतं.

आणि खरा धोका कुठे असतो? चौकात नसतो, कारण तिथे तुम्ही सावध असता. तो असतो फोटो काढून झाल्यावर. थांबलात, फोटो काढले, गप्पा झाल्या आणि परत सायकलवर बसलात की जन्मभराची सवय तुम्हाला गुपचूप डाव्या बाजूला नेते. समोरून एखादी स्कूटर सुसाट येते, कारण हलक्या स्कूटरही त्याच पट्टीवरून जातात. म्हणून प्रत्येक वेळी निघताना मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणा. माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला मी हे म्हणायला लावतो. आणि थांबाल तेव्हा पट्टीवर थांबू नका, सायकल उचलून गवतात घ्या.

शेताजवळ

आत पाऊल टाकू नका. एका फोटोसाठी दोन ओळींमध्ये जाऊन बसणारे दरवर्षी दिसतात आणि मला त्याचा मनापासून संताप येतो. ते कुणाचं तरी उभं पीक आहे. बुटांच्या मातीबरोबर रोग एका शेतातून दुसऱ्यात जातात. जरा थांबून बघितलंत तर एखाद्या शेतात छप्पर असलेली हलकी गाडी गोगलगायीच्या गतीने ओळींवरून सरकताना दिसेल. तिच्यावर बसलेला माणूस एकेक झाड निरखत जातो. पाकळीवर रंग फुटल्यासारखे पट्टे दिसले की ते झाड कांद्यासकट काढून टाकतो, कारण ते पट्टे विषाणूचे असतात आणि मावा ही कीड तो विषाणू पसरवते. सतराव्या शतकात अशाच पट्टेवाल्या फुलांसाठी लोकांनी भरमसाट पैसे मोजले होते. ज्या पिकाला एवढं जपतात त्यात आपण पाय घालायचा नाही. बहुतेक शेतांच्या कडेने पाण्याचा चर असतो. त्याच्या अलीकडे उकिडवं बसून फुलांच्या उंचीवरून फोटो काढा, मधली माती झाकली जाते आणि रंग सलग दिसतो. एप्रिलअखेरीस सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा दुपारच्या फिक्या उजेडात घाई करण्याचं कारण नाही. हायसिंथचं शेत दिसायच्या आधी वासावरून कळतं.

क्यूकेनहॉफ

जरूर बघा. सकाळी आठला उघडताच जा, नाहीतर दुपारी चारनंतर. मधल्या वेळेत बसगाड्या रिकाम्या होत असतात. तिकीट वेळ ठरवून ऑनलाइनच काढावं लागतं. ३२ हेक्टरची बाग, दर शरदात सुमारे ७० लाख कांदे हाताने लावतात, १९५० पासून लोकांसाठी खुली आहे. तीन तास पुरतात. पवनचक्कीवर चढा, शेजारची शेतं वरून दिसतात.

बाकीचे दिवस

एप्रिलमधल्या एका शनिवारी नोर्डवाइकहून हार्लेमला फुलांच्या रथांची मिरवणूक निघते. त्या दिवशी या पट्ट्यातले रस्ते अडलेले असतात. सायकल बाजूला ठेवा आणि मिरवणूकच बघा. २७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस, तो रविवारी आला तर २६ ला साजरा करतात. गावं केशरी होतात आणि घरोघरची माणसं जुन्या वस्तू रस्त्यावर मांडून विकतात. तो दिवस पायी फिरण्याचा. ४ मेला रात्री आठ वाजता युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं सगळा देश थांबतो. रस्त्यात असाल तर तुम्हीही थांबा.

वाऱ्याने अडवलं तर लायडनची वनस्पती बाग. १५९० साली ती विद्यापीठासाठी सुरू झाली, आणि कार्लस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लावलेले ट्युलिप १५९४ मध्ये तिथे फुलले. हार्लेममध्ये असाल तर टेलर्स म्युझियम, १७८४ पासून उघडं असलेलं देशातलं सर्वांत जुनं संग्रहालय.

एप्रिलच्या सुरुवातीलाच गेलात आणि ट्युलिप अजून मिटलेले असले तर ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलव्हीन गावाजवळच्या जंगलबागेत चेरीचा बहर बघा. जपानी महिलांच्या क्लबने २००० साली दिलेली ४०० झाडं आहेत. निम्म्या झाडांना जपानी बायकांची नावं, निम्म्यांना डच. ॲमस्टलव्हीनला मराठी घरं बरीच आहेत, ओळखीचं कुणी असेल तर डबा घेऊन तिथेच भेटा.

कांदे आणि फुलं

ट्युलिपचे कांदे बॅगेत भरून आणू नका. भारतात आणायला आयातीचा परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि ते सोपस्कार करून आणलेत तरी कित्येक आठवड्यांच्या कडक थंडीशिवाय ते फुलत नाहीत. त्यापेक्षा शेताच्या कडेला टपरीवर जुड्या ठेवलेल्या असतात, शेजारी पैसे टाकायचा डबा असतो. सुटी नाणी जवळ ठेवा आणि पहिल्याच दिवशी खोलीसाठी एक जुडी घ्या. कळ्या मिटलेल्या, नुकता रंग दिसू लागलेल्या बघा. पाणी थोडंच घाला. कापल्यावरही ट्युलिपचे देठ वाढत राहतात, म्हणून दुसऱ्या दिवशी वाकलेले दिसले तर टाकून देऊ नका. डॅफोडिल मात्र त्याच पाण्यात ठेवू नका, त्यांच्या चिकाने ट्युलिप लवकर मान टाकतात.