कॅलरी महिन्यातून एकदा मोजा, प्रथिनं रोज

वजन कमी करायला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये कॅलरीचं ॲप आधीपासूनच असतं. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, अर्धी वाटी भात असं सगळं अगदी मनापासून भरलेलं असतं. पण महिन्या-दीड महिन्यात संध्याकाळची भूक आवरेनाशी होते, थकवा येतो, केस गळू लागतात आणि ॲप उघडणं बंद होतं. माणूस स्वतःलाच दोष देतो, की आपल्याला चिकाटी नाही. मला हे ऐकवत नाही, कारण कमी चिकाटीची नसते, ताटातल्या प्रथिनांची असते.

मी सोलापुरात आहार सल्लागार म्हणून काम करते. घरचं जेवण जेवणाऱ्या माणसासाठी माझा सल्ला ठरलेला आहे: प्रथिनं आणि तंतू (फायबर) रोज मोजा, कॅलरीचा हिशेब महिन्यातून एकदा किराणाच्या यादीवरून करा. हे घरच्या घरी कसं करायचं ते इथे सांगते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला. पुढचे आकडे तुमच्यासाठी बदलतील.

दोन प्रयोग माहीत असू द्या

कॅलरीचं महत्त्व मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी 2010 मध्ये दहा आठवडे मुख्यतः क्रीम भरलेले केक, चिप्स आणि गोड पदार्थ खाल्ले, पण दिवसाला साधारण 1800 कॅलरींच्या आत. त्यांचं वजन 27 पौंडांनी, म्हणजे सुमारे 12 किलोंनी उतरलं. सोबत ते प्रथिनांचं पेय आणि जीवनसत्त्वांची गोळी घेत होते, हे मात्र सांगताना बरेच जण विसरतात. थोडक्यात, खर्चापेक्षा कमी खाल्लं की वजन उतरतं, मग खाल्लेलं काहीही असो.

दुसरा प्रयोग 2019 चा, संशोधक केव्हिन हॉल यांचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेले, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ दिले आणि दोन आठवडे साधं ताजं जेवण. दोन्हींकडे ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, तंतू, प्रथिनं सारखी ठेवली होती आणि हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या जेवणावर लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या, तेही कुणी आग्रह न करता.

म्हणून पहिल्या प्रयोगावर थांबू नका. वजन उतरेल की नाही हे कॅलरी ठरवते. पण तेवढ्या कॅलरीत तुम्ही टिकाल का, आणि उतरलेल्या वजनात चरबी किती नि स्नायू किती, हे बरंचसं ताटात काय आहे यावर आणि तुमच्या हालचालीवर ठरतं. शिवाय प्रथिनं पचवायलाच शरीर त्यांच्यातली 20 ते 30 टक्के ऊर्जा खर्च करतं. तेला-तुपासाठी हा खर्च 3 टक्क्यांच्या आतच असतो.

आपला आकडा काढा

उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि 22 ने गुणा. 155 सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी 1.55 × 1.55 × 22, म्हणजे साधारण 53 किलो. हे तुमचं हिशेबाचं वजन. आज काट्यावर 74 दिसत असलं तरी प्रथिनांसाठी 53 च धरा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस निरोगी माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनांची आहे. वजन उतरवताना मी 1 ते 1.1 ग्रॅम धरते, कारण कमी खाताना स्नायू झिजण्याचा धोका वाढतो. म्हणजे या बाईंना रोज 55 ग्रॅमच्या आसपास. तंतू 25 ते 30 ग्रॅम. रोज पाळायचे आकडे हे दोनच. पंचवीस रकाने भरायला लावणारं ॲप काढून टाकलंत तरी चालेल.

कच्चं तोला आणि माणसांनी भागा

स्वयंपाकघरात एक डिजिटल काटा हवा. वाटी फसवते. एका घरात वाटीभर वरणात 40 ग्रॅम डाळ असते, दुसऱ्या घरात 15, आणि ॲपला दोन्ही सारखीच. म्हणून शिजलेलं मोजूच नका. कुकर लावण्याआधी कोरडी डाळ तोला आणि जेवणाऱ्यांच्या संख्येनं भागा. चौघांना 100 ग्रॅम तूरडाळ टाकलीत, तर वाट्याला 25 ग्रॅम डाळ आणि साडेपाच ग्रॅम प्रथिनं आली. दोन वेळा पातळ आमटी खाऊन "आम्ही डाळ भरपूर खातो" म्हणणाऱ्या घरांत हा भागाकार केला की सगळे गप्प होतात. तीच डाळ 160 ग्रॅम घ्या आणि वरण घट्ट ठेवा.

पोळीचंही तसंच. 25 ग्रॅम कणकेचा कोरडा फुलका 80-85 कॅलरींचा. 40 ग्रॅम कणकेची, आत आणि वर मिळून चमचाभर तेल लावलेली घडीची पोळी 180 च्या आसपास. ॲपमध्ये दोन्हींची नोंद "चपाती 1". आपल्याकडची ज्वारीची भाकरी 75 ग्रॅम पिठाची असेल तर 250 कॅलरी, साडेसात ग्रॅम प्रथिनं आणि तितकेच तंतू, आणि तेलाचा थेंबही नाही. वजन कमी करायचंय म्हणून भाकरी सोडून ओट्सवर गेलेल्या सोलापूरकरांना मी पुन्हा भाकरीवर आणते.

हे तोलणं आयुष्यभर करायचं नाही. दोनेक आठवड्यांत हाताला अंदाज येतो. मग पदार्थ बदलला तरच काटा काढायचा.

दहा ग्रॅम प्रथिनं केवढ्याला पडतात?

कॅलरी आणि पोषण हे दोन हिशेब इथे एकत्र येतात, म्हणून हा भाग नीट वाचा. प्रत्येक पदार्थाला विचारायचं: दहा ग्रॅम प्रथिनं देताना तू किती कॅलरी घेतोस? पुढचे आकडे ढोबळ आहेत, पण निर्णय घ्यायला पुरतात.

सालीशिवायचं चिकन, छातीचा भाग: 50. सोयाबीनच्या वड्या: 70. अंडी: 115. मटकी, मूग, तूरडाळ: 140 ते 150. पनीर: 140 ते 160. साईच्या दुधाचं दही: 200. शेंगदाणे: 220. कणीक: 300. ज्वारी: 335. तांदूळ: 450. आणि साबुदाणा? त्याच्या शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं अर्धा ग्रॅमसुद्धा नसतात, तेव्हा त्याचा भाव काढण्यात अर्थ नाही.

शेंगदाण्यापाशी थोडं थांबते, कारण आमच्या जिल्ह्यात शेंगा चटणीशिवाय ताट पुरं होत नाही. दाण्यांत प्रथिनं आहेत हे खरंच, शंभर ग्रॅममध्ये 25 च्या आसपास. पण तेलही जवळपास निम्मं आहे. चटणीचा मोठा चमचा, साधारण 15 ग्रॅम, 80 कॅलरींचा. म्हणून चटणी चवीला ठेवा, प्रथिनांसाठी तिच्यावर विसंबू नका. भाजीत घालायचा कूट मात्र निम्मा करा. चवीत फारसा फरक पडत नाही.

युनिफॉर्म शिवण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, भात बंद केला, साखर बंद केली, आता अजून काय बंद करू?" मी म्हटलं, "आता काही बंद करू नका ताई. डबा दाखवा." डब्यात दोन भाकऱ्या, चटणी आणि वांग्याची भाजी. दिवसभर मशिनवर बसायचं, आणि सकाळपासून पोटात जेमतेम वीस ग्रॅम प्रथिनं. आम्ही एक भाकरी काढली आणि तिच्या जागी मटकीची घट्ट उसळ नि ताक घातलं. दुपारच्या कॅलरी जवळपास तेवढ्याच राहिल्या, पण पाच वाजताचे वडापाव सुटले. वजन हलायला लागलं ते त्यानंतर.

155 सेंटिमीटर उंचीच्या बाईंचा शाकाहारी दिवस मी साधारण असा बसवते. सकाळी 50 ग्रॅम मूगडाळीची धिरडी, चमचाभर तेलात, आणि वाटीभर दही: 16 ग्रॅम प्रथिनं. दुपारी एक भाकरी, 40 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, काकडी-गाजर, पेलाभर ताक: 19. संध्याकाळी चहाबरोबर मूठभर फुटाणे, 30 ग्रॅम: 6. रात्री दोन फुलके, 40 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, पालेभाजी: 14. बेरीज 55, तंतू 30 च्या वर, आणि दिवसाच्या कॅलरी न मोजताही 1400 ते 1500 च्या मध्ये. घरात अंडी-मासे चालत असतील तर हे आणखी सोपं आहे. मात्र तंतू एकदम वाढवू नका, पोट फुगतं. हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या, कडधान्यं रात्रभर भिजवा.

महिन्याचा हिशेब किराणाच्या यादीवर

आता कॅलरी. भाजीत किती चमचे तेल पडलं हे रोज लिहिणं कुणालाही जमत नाही, आणि लिहिलेलं खरंही नसतं, कारण आपण पळीनं ओततो. त्यापेक्षा डबा उघडला की त्यावर तारीख लिहा. संपला की दिवस मोजा.

एक लिटर तेल म्हणजे सुमारे 910 ग्रॅम. चौघांच्या घरात 5 लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल झालं, म्हणजे 340 कॅलरी. तोच महिना 3 लिटरवर आणलात तर 23 ग्रॅम, 205 कॅलरी. म्हणजे कुणाच्याही ताटातला घास न काढता माणशी रोज 135 कॅलरी कमी झाल्या. तेल करडईचं असो, शेंगदाण्याचं असो की सूर्यफुलाचं, ग्रॅमला 9 कॅलरी सगळ्यांच्या सारख्याच. "हलकं तेल" या शब्दावर जाऊ नका.

हाच भागाकार साखर-गूळ, तूप आणि शेंगदाणे-खोबरं यांना लावा. चौघांत 4 किलो साखर महिन्याला गेली, तर माणशी रोज 33 ग्रॅम, 130 कॅलरींच्या वर. 3 किलो दाणे म्हणजे माणशी 25 ग्रॅम, त्याही 130 ते 140. पाहुणे येऊन गेले असतील किंवा दिवाळीचा फराळ झाला असेल तर तो महिना सोडून द्या. हे चार आकडे फ्रीजवर चिकटवा आणि पुढच्या महिन्यात एकच कमी करायचा. मी तेलापासून सुरुवात करायला सांगते, कारण यात घरातल्या सगळ्यांचाच फायदा होतो आणि बाईला वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. वजन कमी करणारीचं ताट वेगळं निघालं की ते दोन आठवड्यांच्या वर चालत नाही, हे मी फार घरांत पाहिलंय.

उपासाचे दिवस

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे एकादशी सोडा असं मी कुणाला सांगत नाही. पण 50 ग्रॅम साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट, बटाटा आणि दोन चमचे तूप धरून 400 कॅलरींच्या वर जाते आणि प्रथिनं देते पाच-सहा ग्रॅम, तीही जवळपास सगळी कुटाची. तासा-दोन तासांत पुन्हा भूक लागते. 50 ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ आणि वाटीभर दही घेतलंत तर 11 ग्रॅमच्या पुढे जाल, आणि कॅलरी तीनशे-साडेतीनशेच्या आत राहतील.

रोज न मोजता लक्ष ठेवायच्या गोष्टी

कमी खाताना लोह, बी-12 आणि कॅल्शियम आधी घसरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक जणी मुळातच कमतरतेत असताना डाएट सुरू करतात. म्हणून सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. जेवणावर लिंबू पिळा, आणि जेवल्या-जेवल्या चहा घेऊ नका. चहा लोह शोषू देत नाही. आठवड्यातून तीन-चारदा पालेभाजी, रोज दूध किंवा दही, आणि नाचणी किंवा तीळ अधूनमधून. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. शाकाहारी असाल आणि बी-12 कमी निघालं, तर ते पालेभाजीनं भरून येत नाही. डॉक्टरांकडून गोळी किंवा इंजेक्शन घ्या.

काटा थांबला तर

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. खारट जेवण किंवा पाळीचे दिवस किलो-दोन किलो पाणी धरून ठेवतात, त्याला चरबी समजू नका. कमरेला टेपही लावा. बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची 90 च्या आत असावी. आठवड्याला अर्धा किलो उतरणं पुरेसं आहे. एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात, तेव्हा पंधरवड्यात पाच किलोचं आश्वासन देणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

तीन-चार आठवडे काटा आणि टेप दोन्ही हललेच नाहीत, तर क्रमानं पाहा. आधी तेलाच्या डब्यावरची तारीख. मग बाहेरचं खाणं आणि चहातली साखर. मग रात्रीच्या जेवणातली एक पोळी किंवा भाताची मूद कमी करा. डाळ, उसळ, दही, अंडी यांना हात लावू नका. आणि दिवसाच्या कॅलरी हजाराच्या खाली नेऊ नका, राष्ट्रीय पोषण संस्थाही हेच सांगते. मी तर बायकांना 1200 च्या खाली जाऊच देत नाही. एवढं करूनही काटा हलला नाही, तर रोजच्या चालण्यात अर्धा तास वाढवा आणि थायरॉइडचा अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटा.